पहिल्याच भेटीत ‘लहानपणी काही घडलं होतं का?’ – थेरपिस्ट हे कसं विचारतात, कसं विचारायला हवं?

रानजाई

इथे मी बहुतेक वाचनमात्रच असते. विषय नाजूक आहे, तेव्हा प्रतिसाद देताना सांभाळून, ही विनंती.

झोप उडालेली, रात्री मध्येच छातीत धडधड. ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एका समुपदेशकांकडे पाठवलं. तिथे आधी एक फॉर्म. नाव, वय, शिक्षण, रक्तगट (रक्तगट कशाला, कोण जाणे) आणि खाली ‘ट्रॉमा : होय / नाही’. मी तो रकाना कोरा सोडला. आत गेल्यावर बाईंनी फॉर्म बघितला आणि दहाव्या मिनिटाला थेट विचारलं, “लहानपणी कुणी काही केलं होतं का? मोकळेपणी सांगा, सगळं बोलल्याशिवाय बरं वाटणार नाही.” दार अर्धवट उघडं. रिसेप्शनवरची मुलगी फीच्या पावतीवर सही घ्यायला त्याच वेळी आत आली.

मी ‘नाही’ म्हटलं. खरं उत्तर ते नव्हतं. नंतर तिकडे गेले नाही.

काय घडलं होतं ते मी इथे लिहिणार नाही, कृपया विचारू नका. मला एवढंच जाणून घ्यायचंय की हे असंच विचारतात का. पहिल्या भेटीत विचारणं बरोबर की चूक? आणि सगळं सांगावंच लागतं का?

---

झुळूक

वाचनखूण साठवली. माझ्या बहिणीलाही हाच प्रश्न पडलाय.

---

मनोगती

रानजाई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, ठाण्यात काम करते. तुमच्या बाबतीत प्रश्न विचारला गेला हे चूक नव्हे. ज्या रीतीने विचारला गेला ते मात्र सगळंच चुकलं. उघडं दार तर अक्षम्य.

आधी ‘विचारावं का’ हे बघू. आमच्या क्षेत्रात बरीच वर्षं समज होता की पेशंटला सांगायचं असेल तर तो आपणहून सांगेल, आपण खपली काढू नये. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला जॉन रीड आणि सहकाऱ्यांनी यावर पुष्कळ काम केलं. २००७ साली त्यांचा एक लेख आला, विषयच असा की लहानपणच्या अत्याचाराबद्दल का, कधी आणि कसं विचारावं. त्यांचं म्हणणं, विचारल्याशिवाय बहुतेक लोक सांगत नाहीत, आणि बहुतेक ठिकाणी विचारलंच जात नाही. म्हणून पहिल्या सविस्तर मुलाखतीतच विचारावं आणि प्रत्येकाला विचारावं. ‘हिच्याकडे बघून वाटतंय’ म्हणून निवडक लोकांना विचारायला लागलात की ज्यांना विचारायला हवं तीच माणसं सुटतात.

पण पहिल्या मुलाखतीत म्हणजे दहाव्या मिनिटाला नव्हे. आधी तुम्ही ज्यासाठी आलात ते नीट ऐकायचं. मग घरी कोण कोण होतं, शाळा कशी होती, घरात धाक कुणाचा होता, आजारी पडलात तर उशाशी कोण बसायचं, असं बोलत बोलत तिथवर यायचं. आणि विचारण्याआधी कारण सांगायचं. मी साधारण असं म्हणते : “आता मी लहानपणाबद्दल थोडं विचारणार आहे. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांनाच विचारते. पुष्कळांच्या बाबतीत त्रासदायक गोष्टी घडलेल्या असतात आणि त्यांचा झोपेवर, मनावर परिणाम होत असतो. ‘हो’ म्हणा, ‘नाही’ म्हणा, ‘आज नको’ म्हणा, तिन्ही चालतात. तपशील मी विचारणार नाही.”

हे ‘आज नको’ सर्वांत महत्त्वाचं. फॉर्मवर होय आणि नाही एवढेच दोन पर्याय असले की माणूस ‘नाही’वर खूण करून मोकळा होतो. तुम्ही निदान रकाना कोरा ठेवलात. तो कोरा रकाना समोरच्या बाईंना दिसायला हवा होता.

मग प्रश्न. “तुमच्यावर अत्याचार झाला का?” असं विचारलं की पट्ट्याचा मार खाल्लेला माणूस म्हणतो, “छे हो, अत्याचार कसला, बाबा शिस्तीचे होते.” म्हणून घटनेबद्दल विचारायचं : “मोठ्या माणसाने मारल्यामुळे कधी वळ उठले, रक्त आलं, असं झालं होतं का?” “कुणी कधी तुमच्या अंगाला अशा रीतीने हात लावला का, की तुम्हाला घाण वाटलं, भीती वाटली किंवा काही कळलंच नाही?” सरळ, लाज न बाळगता आणि सावकाश. आपणच चाचरत विचारलं की समोरच्याला कळतं, या बाईला ऐकायचं नाहीये.

आता कुणी ‘हो’ म्हणालं, तर? नवशिके इथे सर्वाधिक गोंधळतात. कोण होता, किती वेळा, तेव्हाच का नाही सांगितलंस, हे काहीही विचारायचं नाही. शेवटचा प्रश्न तर कधीच नाही. विचारायचं ते एवढंच : हे आधी कुणाला सांगितलं होतं का, आणि सांगितल्यावर काय झालं? तो माणूस आजही संपर्कात आहे का, घरात आणखी कुणी लहान मूल आहे का? आत्ता हे बोलताना कसं वाटतंय? आज ज्या त्रासासाठी आलात त्याच्याशी याचा काही संबंध असेल, असं तुम्हाला वाटतं का? मग थांबायचं. पाणी, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं, आणि रिक्षाने जाणार की कुणी न्यायला येणार आहे, याची चौकशी. म्हणूनच हा प्रश्न तास संपायला पाच मिनिटं असताना काढायचा नसतो.

---

तर्कट

माफ करा, पण थोडा विरोधी सूर लावतो. हल्ली काहीही झालं की लहानपणाशी नेऊन जोडायचं, ही फॅशन झाली आहे. नोकरीत जमत नाही – ट्रॉमा. बायकोशी पटत नाही – ट्रॉमा. आणि विचारून विचारून माणसाच्या डोक्यात नसलेलं घालता येतं, हेही सिद्ध झालं आहे. अमेरिकेत नापा परगण्यात १९९४ मध्ये एका बापाने मुलीच्या थेरपिस्टवर खटला भरला. थेरपीमध्ये मुलीला वडिलांच्या लैंगिक अत्याचाराच्या ‘आठवणी’ आल्या होत्या. ज्यूरीने बापाला पाच लाख डॉलर भरपाई दिली. त्याचं घर, नोकरी सगळं तोवर गेलेलं होतं. यावर तज्ज्ञांचं काय म्हणणं?

---

मनोगती

तर्कट, विरोध कुठला, ही काळजी रास्तच आहे. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९९५ चा प्रयोग आम्हाला अभ्यासाला असतो. २४ जणांना सांगितलं की लहानपणी तुम्ही मॉलमध्ये हरवला होता, घरच्यांनीच आम्हाला सांगितलं. असं काही घडलेलं नव्हतं. तरी पुढच्या मुलाखतींत सहा जणांना ते थोडंफार ‘आठवलं’.

पण यातून निघतं काय? विचारू नये, असं नाही निघत. सुचवू नये, असं निघतं. जे त्या माणसाला मुळातच आठवतंय, त्याने वर्षानुवर्षं बरोबर वागवलं आहे, त्याबद्दल एकदा विचारणं वेगळं. “तुमची लक्षणं बघता नक्की काहीतरी घडलेलं असणार, आठवून बघा, डोळे मिटा” हे वेगळं. संमोहन करून लपलेल्या आठवणी बाहेर काढून देतो म्हणणारा भेटला तर फी देऊन निघा आणि परत जाऊ नका. ‘नाही’ हे उत्तर मिळालं तर ते ‘नाही’ म्हणूनच ठेवायचं. तेच पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, आणि ‘दडपलंय’ असा शेरा तर नाहीच नाही.

आणि हो, छातीतली धडधड प्रत्येक वेळी लहानपणातून येत नाही. कधी ती ईएमआयमधूनही येते :)

---

शांत_प्रवाह

हा धागा वाचून पहिल्यांदाच या विषयावर लिहितोय.

मी दारू सोडण्यासाठी उपचार घेतले. बरेच डॉक्टर झाले, एकदा व्यसनमुक्ती केंद्रातही राहिलो. कधीपासून पिता, किती पिता, सकाळी उठल्या उठल्या लागते का, बायकोला मारता का, सगळं विचारलं. तुमच्याशी लहानपणी कुणी काही केलं का, हे एकानेही विचारलं नाही. पुरुषांना विचारतच नाहीत. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालअत्याचारांवरचा अहवाल काढला होता. १३ राज्यं, १२,४४७ मुलं. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. तेच मुलगे मोठे होऊन ओपीडीत बसतात ना?

शेवटी एका थेरपिस्टने विचारलं. माझ्यापेक्षा वयाने लहान मुलगा. सगळ्यांना विचारतो म्हणाला, आणि वर मनोगती यांनी लिहिलंय जवळपास तसंच विचारलं. मी “हो” म्हणालो. तो म्हणाला, “सांगितलंत, बरं झालं. आज एवढंच पुरे.” त्यानंतर बऱ्याच भेटींत आम्ही झोप, राग आणि संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ कशी काढायची, यावरच बोललो. तो विषय त्याने काढला नाही. मीच काढला.

“सांगितल्याशिवाय बरं वाटणार नाही” असं तो म्हणाला असता तर मी थेट बारमध्ये गेलो असतो.

---

झुळूक

शांत_प्रवाह, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

---

औसेकर

विषयाला थोडा फाटा फुटेल, पण लिहितो. आमचा तालुका किल्लारीच्या भूकंपातला. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र सरून पहाटेचे चार वाजत आले होते. नंतरचे कित्येक महिने रोज कुणी ना कुणी गाडीतून उतरायचं. पेपरवाले, संस्थावाले, पुढारी, कॉलेजची पोरं. सगळ्यांचा प्रश्न एकच, “काय झालं ते सांगा.” माझ्या मावशीचे दोन लेक गेले. ती सांगायची, माणसं डोळे पुसायची, बिस्किटाचा पुडा द्यायची आणि निघून जायची. पुढं पुढं ती गाडी दिसली की कडबा आणायला म्हणून रानात जायची. त्यात भलं करायला आलेलेही होते, नाही असं नाही. पण विचारून झाल्यावर बसायला कुणी नव्हतं.

---

मनोगती

औसेकर, फाटा अजिबात नाही. मोठी आपत्ती झाली की प्रत्येकाकडून लगेच, एकाच बैठकीत, सगळं तपशिलात वदवून घ्यायचं, अशी एक पद्धत ऐंशीच्या दशकात निघाली. डीब्रीफिंग म्हणतात. मन मोकळं केलं की पुढचा त्रास टळेल, ही कल्पना. ऐकायला किती पटतं! १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये बिसन आणि सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांवर ती तपासली. तेरा महिन्यांनी डीब्रीफिंग झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना पीटीएसडी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास) होता, आणि ज्यांना तसंच सोडलं होतं त्यांच्यापैकी ९ टक्क्यांना. डीब्रीफिंग झालेल्यांच्या जखमा मुळात थोड्या जास्त होत्या, हे खरं. पण पुढे असे बरेच अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही फायदा दिसला नाही. आता जागतिक आरोग्य संघटनाही हे करू नका म्हणते. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार : पाणी, पांघरूण, नातेवाइकांचा ठावठिकाणा, आणि माणूस आपणहून बोलला तर ऐकणं.

“सगळं बोलल्याशिवाय बरं वाटणार नाही” हे वाक्य याच जुन्या समजुतीतून येतं, रानजाई.

---

बेएरियातला_बंड्या

इथे कॅलिफोर्नियात उलटी तऱ्हा. मुलाच्या वार्षिक तपासणीला गेलो तर हातात दहा प्रश्नांचा कागद. एस (ACE) म्हणतात, बालपणातले प्रतिकूल अनुभव. मूळ अभ्यास सॅन डिएगोतला, फेलिटी आणि अँडा यांचा, पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये छापले गेले, पूर्ण अभ्यासात सतरा हजारांवर लोक. लहानपणी जेवढ्या जास्त प्रकारच्या वाईट गोष्टी, तेवढे मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारही जास्त. २०२० पासून सरकारी विम्यातल्या रुग्णांना हे प्रश्न विचारले की डॉक्टरला दर तपासणीमागे २९ डॉलर मिळतात. हेतू चांगलाच आहे. पण मग काय होतं, नर्स कागद घेते, बेरीज करते आणि ‘तुमचा स्कोअर चार’. आणि पुढे? पुढे काही नाही. त्याच अँडा यांनी २०२० मध्ये लिहिलं की हा आकडा मोठ्या लोकसंख्येच्या अभ्यासासाठी आहे, एकेका माणसाचं भाकीत त्यावरून करू नका.

म्हणजे फॉर्म वाईट नसतो, फॉर्म देऊन सुटका करून घेणारा वाईट. माझं मत.

---

वॉर्डातली

मी सरकारी हॉस्पिटलात समाजसेविका आहे. थेरपीची केबिन, एक तास वगैरे चैन आमच्याकडे नाही. ओपीडीच्या रांगेत बाई येते, हाताला प्लॅस्टर, “जिन्यावरून पडले.” शेजारी सासू. आता विचारणार कसं?

वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये २००० च्या सुमारास मुंबई महापालिका आणि सेहत संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, हिंसाचार सोसणाऱ्या बायकांसाठी, हॉस्पिटलच्या आतच. नंतर आणखी हॉस्पिटलांत ते गेलं. त्यातून आम्ही शिकलो ते हे : आधी बाईला एकटं करायचं. “यांचं वजन करायचंय, तुम्ही बाहेर बसा,” असं सांगून सासूला बाहेर पाठवायचं. मग, “घरी कधी कुणी हात उगारतं का?” तेही खालच्या आवाजात. लहान मुलाला दुभाष्या करायचं नाही. बाई भोजपुरी बोलणारी असली की मुलाला विचारून घ्यायचा मोह होतो, तो टाळायचा. आणि पुढे कुठे पाठवायचं हे माहीत नसेल, तर विचारूच नये. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ ची मार्गदर्शक तत्त्वंही जोडीदाराच्या हिंसेबद्दल हेच सांगतात : सरसकट प्रत्येकीला नको, खुणा दिसल्या तर विचारा, पण एकांत, प्रशिक्षण आणि पुढची सोय असेल तरच.

म्हणजे मनोगती ‘सगळ्यांना विचारा’ म्हणतात, ते थेरपीच्या खोलीत ठीक. आमच्या रांगेत तसं करता येत नाही.

---

मनोगती

वॉर्डातली, एकदम मान्य. पुढची सोय नसताना विचारणं हे रानजाईंच्या उघड्या दारासारखंच.

---

काळाकोट

वकिली मुद्दा राहिलाय. विचारण्याआधी थेरपिस्टने गुप्ततेची मर्यादा सांगितली पाहिजे, आणि ती फार कमी जण सांगतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७, कलम २३ : रुग्णाला गुप्ततेचा हक्क. पण त्याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ जिवाला धोका. दुसरीकडे पॉक्सो, २०१२. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवायलाच हवं, कलम १९. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. यातून थेरपिस्ट सुटत नाही. म्हणजे पंधरा वर्षांची मुलगी विश्वासाने काही सांगते आणि नंतर तिला कळतं की हे आता पोलिसांत जाणार. तो विश्वासघातच. आधी सांगा, मग विचारा.

मोठ्या माणसांसाठी : पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, त्याआधीच्या घटनांना तो लागत नाही. कुणाच्या १९९५ सालच्या गोष्टीवरून या कायद्याखाली पोलीस दारात येणार नाहीत.

---

तर्कट

ही माहिती खरंच नव्हती. धन्यवाद, काळाकोट.

आणि मनोगती, ‘विचारू नये असं नाही, सुचवू नये’ हे पटलं. फॅशनबद्दलचं मत मात्र कायम :)

---

रानजाई

सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही, पण प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचलाय. शांत_प्रवाह, तुमचा तर जास्तच.

दुसऱ्या थेरपिस्टची चौकशी केली आहे. मनोगतीताई, एक विचारू? मी ‘आज नको’ म्हटलं आणि पुढेही बरेच दिवस ‘आज नको’च राहिलं, तर थेरपी अडून बसते का?

---

मनोगती

नाही अडत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये तीन टप्पे मांडले, अजूनही आम्ही साधारण त्याच क्रमाने जातो : आधी सुरक्षितता, मग आठवणी आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. पहिल्या टप्प्यात झोप, धडधड, घाबरायला झालं की काय करायचं, हे सगळं येतं. तपशिलाची गरज पडत नाही. बरेच जण तिथेच बरे होतात आणि पुढे जायचं नाही म्हणतात. त्यांची मर्जी.

काही पद्धतींत मात्र घटना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. एडना फोआ यांच्या पद्धतीत साधारण ८ ते १५ सत्रं, प्रत्येकी दीड तासापर्यंत, आणि पेशंट डोळे मिटून घटना वर्तमानकाळात सांगतो. तिचा चांगला उपयोग होतो. पण त्याआधी काय करणार, का करणार, हे समजावून संमती घेतलेली असते. ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी) ही दुसरी पद्धत, तीत घटना मनात आणावी लागते, थेरपिस्टला तपशिलात सांगावीच लागते असं नाही. आपणहून विचारा, “तुमची पद्धत कुठली, तीत मला किती सांगावं लागेल?” या प्रश्नावर चिडणारा थेरपिस्ट नकोच.

आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे का, तेही विचारा. खुशाल.

---

रानजाई

शेवटचं. मी बोलले ते सगळं लिहून ठेवतात का? ती फाइल कोण वाचतं?

---

मनोगती

लिहावं लागतं. पण किती लिहायचं ते आमच्या हातात असतं. मी पहिल्या भेटीनंतर इतकंच लिहिते : ‘बालपणी आघात, आहे. तपशील विचारलेले नाहीत. सध्या धोका नाही.’ तुम्ही म्हणू शकता, “याबद्दल काय लिहिताय ते मला दाखवा.” माझ्याकडे कुणी म्हटलं तर मी स्क्रीन फिरवते.

मोठ्या हॉस्पिटलात फाइल इतर डॉक्टरांच्याही हाताखालून जाते, विम्याचा दावा केला तर काही कागद तिकडेही जातात. म्हणून हे बोलण्याआधीच विचारून घ्यायचं.

---

काळाकोट

मानसिक आरोग्य सेवा कायद्याचंच कलम २५ : आपले मूलभूत वैद्यकीय कागद मागायचा रुग्णाला हक्क आहे. आधीच्या ठिकाणचा तो फॉर्मही मागता येईल. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तोंडी मागितलं की ‘मॅडम रजेवर आहेत’ ऐकायला मिळतं.